गोधडीला होईल, राबाला होईल

आमच्या घरात बसायला जागा उरली नाही हे गावाला कळलं, सोयऱ्यांना कळलं, आमच्या शेळीलाही कळलं असावं, कारण तिच्या गोठ्यात माझी पोती गेल्यापासून ती आत पाय टाकेना. मला सगळ्यात शेवटी कळलं. हे लिहिते आहे ते अशाच कुणा शेवटच्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी. घरच्यांसाठी जरा जास्तच.

आमचं गाव मुरबाडहून म्हशाला जाताना लागतं. कौलारू घर, पुढे ओटी, मागे पडवी, वर माळा. मधल्या भिंतीपलीकडे माझे थोरले दीर आणि जाऊ राहतात, अंगण दोघांचं एकच. मी डोळखांबकडची. दहावी झाले, लग्न होऊन इकडे आले, आणि गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवत शिवत म्हातारपणाच्या दारात पोचले. शेती भाताची, ती आमचे हे बघतात. मुलगी मनीषा खर्डीला दिली आहे. मुलगा नितीन मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला जातो.

शिवणाऱ्या बाईच्या घरात चिंध्या असणारच. कुणी नाव ठेवलं की मी हेच ऐकवायची. पण माझ्या घरात युरियाच्या रिकाम्या गोणीही होत्या, श्रीखंडाचे डबे होते, डब्यांपेक्षा जास्त झाकणं होती, मोडक्या छत्र्या, लग्नपत्रिका, ओटीत आलेले ब्लाउजपीस, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, तळ गेलेल्या टोपल्या, मनीषाचा शाळेतला युनिफॉर्म आणि कुणाचा ते माहीत नसलेला एक बूट होता. कापडाबद्दल विचारलं की मी म्हणायची, गोधडीला होईल. बाकीच्याबद्दल विचारलं की म्हणायची, राबाला होईल. कशालाच होण्यासारखं नसेल तर म्हणायची, असू दे, लागलं तर?

एवढ्या वर्षांत मी गोधडी एकही शिवली नाही.

सुरुवात

सासूबाई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं मीच केलं, आणि खोटं कशाला बोलू, कुरकुरत केलं. त्या गेल्या तेव्हा दहाव्याला त्यांची लुगडी आणि अंथरूण रिवाजाप्रमाणे नदीवर सोडायचं होतं. माणसं अंघोळ करून माघारी निघाली, मी मागे रेंगाळले आणि लुगड्यांचं गाठोडं उचलून पदराआड घरी आणलं. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी होती. माळ्यावर टाकली. कुणाला सांगितलं नाही.

मॅडम म्हणतात, तिथून सुरू झालं असावं. असेलही. मॅडम म्हणजे दवाखान्यातल्या समुपदेशक, त्या पुढे येतील. मला मात्र असं एक टोक सापडत नाही. वाढत गेलं एवढं खरं. आधी माळा भरला, मग मधली खोली, मग पलंग. पलंग भरल्यावर हे पडवीत झोपायला लागले. पडवी भरत आली तशी ह्यांची चटई बाहेर बाहेर सरकत गेली. भांडायचा स्वभाव नाही ह्यांचा. माझी पोती अंगणाच्या मधल्या रेषेपलीकडे गेली तेव्हा जाऊ मात्र भांडली, आणि आमचं बोलणं बंद झालं. आम्ही थोरल्या जावेला बाय म्हणतो. बायने माझ्या उंबऱ्याच्या आत पाय टाकणं सोडलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. कुणी आत येऊ नये हीच माझी इच्छा होती. दारावर कुणाची हाक आली की मी आधी बाहेर यायची, दार ओढून घ्यायची आणि ओटीवर उभ्या उभ्याच बोलायची.

राब

आमच्याकडे भाताचं रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, काटक्या, पेंढा अंथरतात, वर माती पसरतात आणि पेटवतात. त्याला राब म्हणतात. राब चांगला भाजला की तण येत नाही आणि रोप जोमाने उठतं. त्यामुळे आमच्या घरांत पाला आणि कचरा टाकायची सवयच नाही, जे ते राबासाठी बाजूला ठेवतात. माझ्या आजाराला लपायला याहून चांगली जागा मिळाली नसती.

माहेरी लग्न होतं म्हणून मी डोळखांबला गेले होते. परत आले तेव्हा चोहीकडे राब धुमसत होते. त्या दिवसांत धूर दिसला तर कुणाला काही वाटत नाही. आमच्या शेताजवळ आले आणि वास आला. प्लास्टिकचा वास.

नितीनने मी नसताना घर साफ केलं होतं. मित्रांना बोलावून मधली खोली, ओटी, पडवी सगळी रिकामी केली आणि सगळं राबावर नेऊन पेटवलं. त्याच्या मनात वाईट नव्हतं. आई आली की खूश होईल, निदान एकदा ओरडून गप्प बसेल, असं त्याला वाटलं होतं.

मी ओरडले नाही. चप्पल बांधावर राहिली आणि मी राखेत शिरले. वरून राख पांढरी दिसते, खाली निखारा असतो, हे या कामात जन्म गेलेल्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. एक गोणी अर्धी शिल्लक होती, ती मी ओढत होते. ह्यांनी येऊन मला उचललं. लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्यांनी मला उचललं ते तेव्हाच.

ड्रेसिंग

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तळपायांचं ड्रेसिंग सुरू झालं. केसपेपर काढायचा, बाकड्यावर बसायचं, नंबर आला की दात आवळायचे. पट्टी सुटताना नर्सबाई मला माहेरचं विचारायची, मी सांगेपर्यंत पट्टी निघालेली असायची. तिचं हे कसब मला आठवत राहतं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "ताई, विस्तवात का शिरलात?"

"माझी पोती होती."

"काय होतं पोत्यांत?"

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. ज्याच्यासाठी मी पाय भाजून घेतले ते काय होतं ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "लागणारं सामान होतं."

हे दाराशी उभे होते. एरवी दवाखान्यात टोपी हातात घेऊन खाली बघणारा माणूस. म्हणाले, "डागदर, मी दोन पावसाळे पडवीत झोपलो. घरात आंग टाकायला जागा नव्हती. हिला आमी बोललो तं रडते, नाय बोललो तं अजून आणते. आता काय करावा ते तुमीच सांगा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरातली गोष्ट परक्यापुढे काढली म्हणून ह्यांचा रागही आला. डॉक्टर हसले नाहीत की त्यांनी मान हलवली नाही. म्हणाले, हा आजार आहे, साठवण्याचा आजार. त्याला इंग्रजी नावही आहे. आळस नाही, घाणेरडेपणा नाही, हट्टही नाही. वस्तू सोडायची वेळ आली की जिवावर आल्यासारखं होतं, आणि त्यापायी घर राहण्यासारखं उरत नाही.

मी म्हटलं, "म्हणजे मला वेड लागलंय?"

"तसं मी म्हणालो नाही. तुम्हाला त्रास होतोय आणि त्यावर इलाज आहे. इथं समुपदेशक मॅडम बसतात, त्यांना भेटा."

त्या दिवशी मला आराम वाटला असं लिहिलं तर छान दिसेल. पण मला नुसता संताप आला होता. परतीच्या जीपमध्ये मी ह्यांच्याकडे पाठ करून बसले. फक्त एक गोष्ट मनातून जाईना, की डॉक्टरांनी ‘घाणेरडेपणा नाही’ असं आपणहून म्हटलं होतं. मी विचारलं नव्हतं. पण मनात तेच होतं.

पुन्हा भरलं

जाळून आजार गेला का? नाही. पाय बरे व्हायच्या आतच मी पुन्हा आणायला सुरुवात केली, आणि आधीपेक्षा जोरात. रिकामी खोली बघितली की छातीत धडधडायचं. आता माळ्याच्या शिडीला मी कुलूपही लावलं. नितीनने आणलेला बिस्किटांचा पुडा संपला की कागद मी त्याच्या हातातून ओढून घ्यायची. तो माझ्यासमोर खाईनासाच झाला.

राबाचंही वाटोळं झालं. जिथं प्लास्टिक वितळलं होतं तिथं रोप उगवलंच नाही. हिरव्या तुकड्याच्या मध्ये काळं टक्कल पडल्यासारखं दिसत होतं. थोरल्या दिरांनी त्यांच्यातलं रोप दिलं म्हणून आमची लावणी झाली. बायने रोपाच्या मुठी आमच्या बांधावर आणून ठेवल्या आणि न बोलता गेली.

म्हणून घरच्यांना सांगते, माणूस घरात नसताना साफसफाई करू नका. तुमचा इलाज होत नाही, आणि त्याचा तुमच्यावरचा विश्वास मात्र जातो.

मनीषा

भातकापणी चालली होती तेव्हा मनीषा आणि जावई आले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि आता दिवस गेले होते. मी तिची अलाबला घेतली, डोळे पुसले, चहा ठेवायला आत गेले. ती ओटीवरच उभी राहिली. बसली नाही.

"आत ये ना गो."

"नको आई. इथंच बरी हाय."

पहिलं बाळंतपण माहेरी. ही आमच्याकडे विचारायचीही गोष्ट नाही, आठवा लागला की मुलीला आणायला जायचं. ती म्हणाली, "आई, सासूबाई म्हनतात इकडंच रहा बाळंतपनाला. मी अजून काय बोलले नाय त्यांना. तू सांग. मी कुठं झोपू? बाळाला कुठं ठेवू?"

मी वळून बघितलं. मधली खोली, तिथं पोती. पलंग, त्यावर गाठोडी. खाली टेकायलाही मला फरशी दिसेना. मी चहाचा कप तिच्या हातात दिला. तिने चहा उभ्यानेच प्यायला. जाताना म्हणाली, "मी वाट बघते, आई." ती रागवली असती तर मीही रागवले असते आणि भागलं असतं.

दुसऱ्याच आठवड्यात मी ह्यांना म्हटलं, त्या दवाखान्यातल्या मॅडम कधी बसतात ते विचारून या.

टोपली

मॅडम माझ्या मनीषाच्याच वयाच्या. मला वाटलं होतं त्या ‘टाका सगळं’ म्हणतील. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?" मी म्हटलं, "पोरीला झोपायला खोली." "मग तेवढंच करू. आख्ख्या घराचं नाव काढू नका." मॅडमनी ज्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं त्यांनी उदासीवर गोळ्या दिल्या, त्या घेते आहे. पण खरं काम टोपलीने झालं.

रोज सकाळी चहा झाला की मधल्या खोलीतून एक टोपली भरून ओटीवर आणायची. एकच. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि मीच ठरवायचं, ठेवायची, द्यायची की टाकायची. घरच्यांनी हात लावायचा नाही आणि ‘टाक’ म्हणायचं नाही. हे समोर बसायचे, विडी न ओढता, कारण विडी ओढायची झाली की हे उठून जातात हे मॅडमना मी सांगितलं होतं.

पहिल्या टोपलीत झाकणं होती. डबे नसलेली झाकणं. हसाल तुम्ही, पण माझ्या हाताला घाम सुटला होता. एक झाकण टाकायला काढलं की वाटायचं, उद्याच याचा डबा सापडेल. मॅडमनी सांगितलं होतं, भीती येईल, तिला येऊ द्या, पळू नका, ती थोड्या वेळाने उतरते. उतरायची. रोज उतरायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने यायची. मी हातात ते झाकण धरून रडत असायची आणि हे म्हणायचे, "बस निवांत. भात कापून झालाय आता, घाई नाय कसली." बघता बघता वाट झाली, दारापासून पलंगापर्यंत.

नितीन सुरुवातीला लांबूनच जायचा. एकदा थांबला, पोतं उचलून म्हणाला, "आई, हे भंगारवाल्याकडं नेऊ काय?" विचारलं त्याने. मी पोत्यात हात घालून बघितलं आणि म्हटलं, ने. त्याने ते सायकलवर बांधलं आणि जाताना माझ्याकडे दोनदा वळून बघितलं, मी मागे धावत येईन की काय म्हणून.

म्हसा

मध्ये एकदा सपशेल आपटले, तेही सांगते. पौषात म्हशाची जत्रा भरते. आम्ही दरवर्षी जातो, हे बैल बघायला आणि मी बाजार करायला. मॅडम म्हणाल्या होत्या, जा, पण खाऊ आणा, वस्तू नको. मी ह्यांना बैलांपाशी सोडलं आणि सुपं घेतली. घोंगडीही घेतली. स्वस्त नव्हती, लागणारही नव्हती. घरी आणून गोठ्यात लपवली. शेळीने घोंगडी बाहेर ओढून काढली तेव्हा ह्यांना दिसली. आमची शेळी पहिल्यापासून मॅडमच्या बाजूची.

मला वाटलं, आता सगळं संपलं. हे घोंगडी झटकत म्हणाले, "पडवीत थंडी वाजते मना. ही घेतो मी." आणि त्याच दिवसापासून पांघरायला लागले. सुपं मी आपणहून बायकांना वाटली. बायला देता आलं नाही, आमचं बोलणं नव्हतं.

माळा

मधली खोली मोकळी झाली, पण माळ्यावर उंदीर वाजायचे. बाळंतिणीच्या डोक्यावर उंदीर कसे ठेवणार? शिडीचं कुलूप मीच काढलं आणि वर गेले. सासूबाईंचं गाठोडं कोपऱ्यात होतं. कौलं गळत होती ती नेमकी त्यावर. गाठ सोडली, वरचं लुगडं उचललं, तर घडीवर घडी फाटत गेली. उंदरांनी आत घरटं केलं होतं. गोधडीला होतील म्हणून ज्यांना जपलं त्यांना मीच कुजवलं होतं. तिथंच बसून मी खूप रडले, लुगड्यांसाठी आणि सासूबाईंसाठीही. त्या गेल्या तेव्हा रडायचं राहून गेलं होतं.

राबाचे दिवस आले होते. शेण, पाला, पेंढा अंथरला, प्लास्टिकचा तुकडाही नाही ना ते मी वाकून वाकून बघितलं. मग सासूबाईंची लुगडी त्यावर पसरली आणि वर माती टाकली. जी काही सुती कापडं माझ्याकडे उरली होती, तीही. नितीनने आगपेटी माझ्या हातात दिली. म्हणाला, "यंदा तूच पेटव."

मी पेटवलं. या वेळी चप्पल पायात होती.

दुपटी

मनीषा आली. पलंगावर धुतलेली चादर, खिडकी उघडी. ती आत आली, मध्यभागी उभी राहिली, आणि पलंगावर आडवी झाली. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत पळाले.

थोड्या वेळाने तिची हाक आली. "आई, दुपट्यांना जुनी लुगडी काढून ठेव हां. सुती पायजेत, मऊ."

मी चुलीपाशी उभी होते ती तशीच राहिले. बाळाला नवं कापड टोचतं, दुपटं जुन्या सुती लुगड्याचंच लागतं. माझ्या कपाटात उरल्या होत्या त्या सगळ्या सिल्कसारख्या चकचकीत साड्या. सुती एकही धडपा नव्हता. सगळी माझ्या हाताने राबात गेली होती, राखसुद्धा थंड झाली होती.

आतून तो जुना आवाज असा काही उठला की काय सांगू. बघ. मी म्हणत नव्हते? लागलं की नाही? आयुष्यभर साठवलं तेव्हा काही लागलं नाही आणि टाकलं तर लागलं. वाटलं, आत्ता उठावं आणि गावभर फिरून मिळेल ते कापड गोळा करून आणावं, चार पोती भरून, म्हणजे पुन्हा कधी अशी वेळ यायला नको.

भीती येऊ द्या, पळू नका. मी चुलीपाशीच बसले. चहा उतू गेला. मग पदर खोचला आणि अंगण ओलांडून बायच्या दारात गेले.

बाय तांदूळ निवडत होती. अंगावर सुती लुगडंच, ती दुसरं काही नेसत नाही. मला बघून तिचा हात थांबला.

"बाय," मी म्हटलं, "मनीषाच्या बाळाला दुपट्यांना जुनं लुगडं पायजे होतं. माझ्यात नाय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुज्या घरात नाय?"

"नाय."

"अगो, तुज्या घरात चिंधी नाय, हे मी कुनाला सांगितला तर मला खोटी म्हनतील."

आणि ती हसली, अगदी तांदूळ सांडेपर्यंत. मलाही हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. तिने आत जाऊन दोन लुगडी आणली, मऊ, उन्हात वाळलेल्या कपड्याच्या वासाची. "पोरगी कुठं हाय? बघू तरी," म्हणाली आणि माझ्या पुढे चालत निघाली. उंबऱ्याशी क्षणभर थांबली. मग आत गेली आणि मनीषाच्या पायाशी पलंगावर बसली.

नात झाली. सगळी दुपटी मी त्यातल्या एकाच लुगड्याची शिवली, कितीतरी वर्षांनी जुन्या कापडाचं काहीतरी खरोखर शिवलं. दुसरं लुगडं आख्खं उरलं.

घर अजून पुरतं मोकळं नाही. पडवीच्या एका कोपऱ्यात पोती आहेत, टोपली रोज चालू आहे, कधी ठेवायचं काहीच न उरता रिकामी आत जाते. हे आता आत झोपतात, आणि पलंगावर नात होती तोवर खाली झोपले, ती गोष्ट वेगळी.

मनीषा बाळाला घेऊन खर्डीला गेली त्या दिवशी मी उरलेलं लुगडं धुतलं, वाळवलं, घडी घातली आणि बायकडे घेऊन गेले.

"राहू दे गो," ती म्हणाली. "ठेव तुला. लागलं तर?"

माझा हात घडीवर तसाच राहिला. ते लुगडं फार मऊ होतं.

"लागलं तर मागायला येईन," मी म्हटलं, लुगडं तिच्या दांडीवर टाकलं आणि रिकाम्या हाताने घरी आले.